टू-स्ट्रोकचं हाफ इंजिन आणि मापाचा प्रश्न

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या सगळ्यांत नव्या आरएक्स १००नेही पंचविशी केव्हाच ओलांडली आहे. यझदी रोडकिंग, राजदूत ३५०, बजाज चेतक या तिच्या काळातल्या इतर टू-स्ट्रोक गाड्याही आता वयस्कच. तरी अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन्ही पट्ट्यांत त्या जपणारे आणि रोज वापरणारे लोक आहेत. कुणाला ती वडिलांची गाडी म्हणून हवी असते, कुणाला हलकी आणि चपळ म्हणून. या सगळ्यांपुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच: गाडीचा दम गेलाय, मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन करावं लागेल, तर ते काय करायचं, कसं करायचं आणि कुणाकडे?

हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचा वरचा भाग: हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचं बेअरिंग. खालचा क्रँक आणि गिअर न उघडता हे काम होतं. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. हात बसलेला मेकॅनिक तासाभरात ब्लॉक उतरवतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण हेच काम एकाच्या गाडीवर अनेक वर्षं टिकतं आणि दुसऱ्याच्या गाडीवर एका पावसाळ्यात बसतं. या फरकाचं कारण बहुतेक वेळा पुर्ज्याच्या किमतीत नसतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं. हाफ इंजिनाचा प्रश्न मुळात मापाचा आहे, आणि माप घेणारी माणसं आणि यंत्रं उपनगरांतून कमी होत चालली आहेत, हे या आढाव्याचं सार आहे.

उपनगरांतच हा धंदा का वाढला

मुंबई शहरात रिक्षा चालत नाही. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे, उपनगरांतच तिला परवानगी आहे. कित्येक वर्षं ही रिक्षा एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनावर पळाली. दिवसभर दोन-दोन पाळ्यांत धावणाऱ्या या इंजिनांना ठरावीक काळाने बोर लागायचाच. त्यात स्कूटरची भर होती. भांडुपला एपीआय कंपनीच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार होत असे, पुण्याहून चेतक येत. साकीनाका, मरोळ, कुर्ला, भांडुप इथल्या औद्योगिक गाळ्यांत लेथ आणि बोरिंग मशीन होतीच. त्यामुळे गॅरेजवाल्याने सकाळी ब्लॉक पाठवला तर संध्याकाळी बोर होऊन परत मिळे. मोटरसायकलवाल्यांना या साखळीचा आयता फायदा झाला.

ही साखळी तीन बाजूंनी तुटली. फोर-स्ट्रोक मोटरसायकली स्वस्त झाल्या आणि पेट्रोल वाचवू लागल्या. उत्सर्जनाचे नियम १९९६, २०००, २००५ असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. आणि उच्च न्यायालयात प्रदूषणाचा प्रश्न गेल्यानंतर उपनगरांतल्या रिक्षा सीएनजीवर आल्या. रोजचं बोरिंगचं काम आटलं. त्याच काळात गाळ्यांच्या जागांवर ऑफिसं आणि टॉवर उभे राहू लागले आणि बरीच यंत्रं वसई, भिवंडीकडे गेली. मागे राहिलेल्या गॅरेजांत टू-स्ट्रोक खोलणारे हात सापडतात. त्याच्या ब्लॉकचं माप घेणारा सापडणं अवघड झालं आहे.

झीज कुठे आणि का

फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. शिवाय ब्लॉकच्या भिंतीत खिडक्या असतात, म्हणजे पोर्ट: मिश्रण आत यायला आणि धूर बाहेर जायला. रिंगा प्रत्येक फेरीत दोनदा या खिडक्यांवरून घासत जातात. एक्झॉस्ट पोर्टची बाजू सगळ्यांत जास्त तापते आणि तिथला तेलाचा थर सगळ्यांत पातळ असतो. म्हणून बोर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या भागात, रिंग जिथून परत फिरते तिथे आणि एक्झॉस्ट पोर्टच्या आसपास तो जास्त झिजतो. गोल बोर लंबगोल होतो आणि वरून खाली निमुळता होत जातो.

आरएक्स १००चा बोर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी, त्यातून ९८ सीसी. हा बोर ०.१० मिमीने झिजला, तर रिंगेच्या तोंडांमधली फट त्याच्या तिपटीहून जास्त, म्हणजे ०.३१ मिमीने वाढते, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो. नव्या रिंगेला साधारण ०.१५ ते ०.३५ मिमी फट ठेवतात. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या झिजेने ती फट दुप्पट होते, कॉम्प्रेशन निसटतं, जळता वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आणि तेलाचा थर जाळतो.

उपनगरांतलं चालवणंही या झिजेला हातभार लावतं. एलबीएस मार्गावर किंवा एसव्ही रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलं की पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. तेच इंजिन मग वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर फुल थ्रॉटलने पळवलं जातं. त्यात पाण्याची भर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा असंख्य गाड्या हँडलपर्यंत पाण्यात होत्या. पाणी शिरलेलं इंजिन काही दिवस तसंच राहिलं की पिस्टन ज्या उंचीवर थांबला असेल तिथे बोरला गंजाची कडा पडते. किक मारून गाडी चालू झाली तरी ती कडा रिंगा खात राहते.

कामाआधीची तपासणी

चांगला मेकॅनिक नवे पुर्जे आणण्याआधी चार गोष्टी बघतो. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारायची आणि आकडा लिहून ठेवायचा. काम झाल्यावर तुलना त्याच्याशीच होते. दुसरं, धूर. टू-टी तेलाचा निळसर धूर वेगळा. गिअर ऑइलचा वास येणारा दाट पांढरा धूर असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील गेलेलं असतं. तिसरं, मॅग्नेटोकडचं सील. ते फाटलं तर इंजिन तिथून नुसती हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टनही जाम होतो. चौथं, ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघायचा. उभ्या दिशेने जराही खटका जाणवला तर खालचं बेअरिंग गेलं आहे. त्यावर नवा ब्लॉक-पिस्टन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तिथे फुल इंजिनच करावं लागतं.

मग जुना पिस्टन. बरीच गॅरेजं तो बघतही नाहीत, भंगाराच्या डब्यात टाकतात. पण इंजिनाचा सगळा इतिहास त्याच्यावर असतो. पेट्रोलने धुऊन, पुसून तो उजेडात फिरवून बघावा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि ओढलेलं ॲल्युमिनियम दिसलं, तर तेल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ होतं. कार्ब्युरेटरच्या बाजूचा स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, बारीक वाळूने घासल्यासारखा मंद झाला असेल, तर एअर फिल्टर फाटका आहे किंवा कुणीतरी काढून ठेवला आहे आणि रस्त्याची धूळ थेट आत जाते आहे. चारही कोपऱ्यांना सारखे चट्टे असतील, तर मागच्या वेळी बोर घट्ट ठेवला होता किंवा थंड इंजिन लगेच ताणलं गेलं. रिंगांच्या खाली तपकिरी-काळे डाग उतरले असतील, तर वायू निसटत होता. पिस्टनच्या डोक्याचा मध्य पांढराफटक आणि खडबडीत असेल, तर इग्निशनचं टायमिंग आणि कार्ब्युरेटरचा जेट दोन्ही तपासायला हवेत. जो दोष जुन्या पिस्टनने दाखवला तो दूर न करता नवा पिस्टन घातला, तर त्याच्यावरही काही दिवसांत तेच डाग उमटतात.

रिंगा, बोर, स्लीव्ह की नवा ब्लॉक

इथे गॅरेजागणिक मतं बदलतात. पहिला मार्ग नुसत्या रिंगा बदलण्याचा. बोर गोल असेल, पिस्टन आणि बोरमधली फट मर्यादेत असेल आणि फक्त रिंगा बसलेल्या असतील तर तो योग्य आहे. पण लंबगोल झालेल्या बोरमध्ये नवी गोल रिंग टाकली तर ती दोन बाजूंना टेकते आणि दोन बाजूंना टेकतच नाही. त्यामुळे माप न घेता बदललेल्या रिंगा म्हणजे निव्वळ पुढे ढकललेलं काम.

दुसरा मार्ग बोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकण्याचा. आरएक्स १००ला ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे टप्पे आहेत. म्हणजे प्रत्येक ब्लॉकला आणखी चार आयुष्यं मिळतात. ५१ मिमीपर्यंत गेलं तरी इंजिन १०२ सीसीच होतं, त्यामुळे बोर केल्याने ताकद वाढते हा समज खरा नाही. वाढलेली जाणवते ती परत आलेल्या कॉम्प्रेशनमुळे. नियम साधा आहे: ज्या छोट्यात छोट्या मापात बोर स्वच्छ होतो तेच माप घ्यायचं. पंचवीसमध्ये काम भागत असताना पन्नासचा पिस्टन हातात आहे म्हणून तेवढा बोर करणं म्हणजे एक आयुष्य वाया घालवणं.

तिसरा मार्ग स्लीव्ह बदलण्याचा. सगळे टप्पे संपल्यावर जुनी स्लीव्ह कापून नवी बिडाची स्लीव्ह बसवतात आणि बोर पुन्हा मूळ मापावर आणतात. मूळ कंपनीचा ब्लॉक वाचवण्याचा हा उत्तम उपाय आहे, पण स्लीव्हच्या खिडक्या ब्लॉकच्या खिडक्यांशी तंतोतंत जुळवणारा कारागीर हवा. खिडकी एखाद्या मिलिमीटरने वर-खाली झाली तरी गाडीचा स्वभाव बदलतो. चौथा मार्ग बाजारात मिळणारा नवा ब्लॉक-पिस्टन संच. तो सोयीचा आहे, मात्र खोक्यातून काढून थेट चढवू नये; त्याचंही माप घ्यावं, पोर्टच्या कडा बघाव्यात.

लेथवर काय घडायला हवं

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आणि गाडीमालक नेमका इथेच हजर नसतो. आधी पिस्टन विकत घ्यायचा आणि मग बोर करायचा, हा क्रम उलटा होता कामा नये. ‘ब्लॉक बोर करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ हे वाक्य ऐकलं की काम बिघडणार हे समजावं. एकाच मापाच्या दोन पिस्टनांत शंभराव्या भागाचा फरक असू शकतो आणि बोर ज्याच्या-त्याच्या पिस्टनप्रमाणेच व्हायला हवा.

पिस्टन वरपासून खालपर्यंत सारख्या व्यासाचा नसतो. डोकं जास्त तापतं आणि जास्त फुगतं म्हणून ते मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, आणि आडवा छेद किंचित लंबगोल असतो. माप स्कर्टवर, तळापासून थोडं वर आणि गजन पिनच्या काटकोनात घ्यायचं. बोरचं माप वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे एकूण सहा आकडे. सहाही कागदावर लिहायचे. पिस्टन आणि बोरमधली फट आरएक्ससारख्या इंजिनात साधारण ०.०४ मिमीच्या आसपास हवी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. एवढी काटेकोर का, हे धातूच्या स्वभावावरून कळतं. ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला की सुमारे ०.१० मिमी वाढतो, बिडाची स्लीव्ह तेवढीच तापली तर त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. शिवाय पिस्टन स्लीव्हपेक्षा जास्त तापतो. फट कमी पडली तर इंजिन जाम होतं. जास्त झाली तर पिस्टन खडखडतो आणि रिंगा लवकर जातात.

बोरिंग मशीनने शेवटचे काही शतांश शिल्लक ठेवायचे आणि ते होनिंगने घ्यायचे. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत तेल धरून राहतं आणि रिंगा बसतात. आरशासारखा चकचकीत बोर छान दिसतो, पण त्यावर तेल टिकत नाही. त्यानंतरचं काम हाताचं आहे. बोर केल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या दगडाने किंवा बारीक कानशीने हलक्या हाताने मोडायच्या. हे राहून गेलं तर रिंग खिडकीत अडकते, तुटते आणि एका रात्रीत सगळं काम संपतं. शेवटी ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुवायचा. पांढऱ्या कापडाला तेल लावून बोर पुसला आणि कापड काळं झालं नाही, तेव्हाच तो स्वच्छ झाला असं मानायचं.

जोडणी, तेल आणि आजचं पेट्रोल

जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. रिंगेच्या खाचेत छोटी पिन असते आणि रिंगेचं तोंड त्या पिनवरच बसायला हवं, म्हणजे ते खिडकीसमोर येत नाही. गजन पिनच्या सर्कलिप नव्याच घ्यायच्या. ब्लॉकखालचं पॅकिंग शीटमधून कापताना जाडी मूळची ठेवायची; जाड पॅकिंगने ब्लॉक वर उचलला जातो, पोर्टचं टायमिंग बदलतं आणि कॉम्प्रेशन पडतं. हेडचे नट तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि शक्य असेल तिथे टॉर्क पान्याने आवळायचे.

तेलाच्या दोन पद्धती आहेत. चेतक, यझदी यांत टू-टी तेल पेट्रोलमध्ये मिसळतात. आरएक्समध्ये तेल वेगळ्या टाकीतून इंजिनाला देणारा ऑटोल्यूब पंप आहे. हाफ इंजिन केल्यावर या पंपाची केबल आणि खूण जुळवणं आणि नळीतली हवा काढणं राहून गेलं, तर पहिल्याच फेरीला पिस्टन कोरडा पडतो. पंपाची खात्री होईपर्यंत टाकीतही थोडं तेल मिसळावं, ही जुन्या मेकॅनिकांची रीत शहाणपणाची आहे.

पेट्रोलमध्ये मात्र मोठा बदल झाला आहे. २०२५पासून देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच प्रमाणात पेट्रोल देतो. त्यामुळे मिश्रण जवळपास आठ टक्के पातळ होतं, आणि पातळ मिश्रण हे एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन जाम होण्याचं नेहमीचं कारण. म्हणून आज हाफ इंजिन करताना मेन जेट वाढवून, प्लगचा रंग बघून जुळवणं हा कामाचाच भाग धरायला हवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

रनिंग-इनबाबत, म्हणजे नवं काम रुळवण्याबाबत, दोन मतं ऐकू येतात: एक म्हणतं खूप हळू चालवा, दुसरं म्हणतं पहिल्यापासून ताणा. दोन्ही टोकं टाळावीत. सुरुवातीला इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं काही वेळा करायचं आणि हेडचे नट पुन्हा तपासायचे. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, एकाच वेगावर फार वेळ न राहता चालवावं. चढावर उंच गिअरमध्ये इंजिन ओढायला लावू नये आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नये, कारण टाकीत तेल मिसळलेल्या गाडीत थ्रॉटल बंद म्हणजे तेलही बंद.

धुराची जबाबदारी

टू-स्ट्रोकवर प्रेम करणाऱ्याने एक गोष्ट मान्य केली पाहिजे: ही इंजिनं जास्त प्रदूषण करतात. आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो, हा त्यांच्या रचनेचाच दोष आहे. मार्च २०००पूर्वीच्या दुचाकींना पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमची मर्यादा आहे. नंतरच्या टू-स्ट्रोकना ३.५ टक्के आणि ६,०००. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर लागतो. २०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, पण ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी, म्हणजे आरएक्स १००ला अजून वाट पाहावी लागेल. मापात केलेलं हाफ इंजिन, स्वच्छ सायलेन्सर आणि योग्य तेल यांनी धूर बराच कमी होतो. जी गाडी आपण हौसेने ठेवतो ती शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडणार नाही याची काळजी घेणं हा त्या हौसेचा भाग आहे.

आता काय करता येईल

या सगळ्यातून माझं मत असं बनलं आहे की हाफ इंजिनाच्या खर्चात पहिला वाटा मोजमापाचा असावा. चांगला बोर केलेला साधा पिस्टन वर्षानुवर्षं चालतो. वाकड्या बोरमधला महागडा पिस्टन चालत नाही. मालकाने तीन गोष्टी मागून घ्याव्यात: जुना पिस्टन, बोरचे सहा आकडे आणि काम करण्याआधीचं व नंतरचं कॉम्प्रेशन. हे मागणारे ग्राहक वाढले तर गॅरेजही बोर गेज ठेवतील. अंधेरी, मुलुंडच्या आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर होणारी मुलं मायक्रोमीटर धरायला शिकतातच. जावा-यझदीवाले दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला जमतात. अशा गटांनी उरलेल्या बोरिंगवाल्यांची यादी करावी, त्यांच्याकडे एकगठ्ठा काम न्यावं आणि आयटीआयची दोन मुलं त्यांच्या हाताखाली बसवावीत. पिस्टन आणि रिंगा आजही तयार होतात, उद्याही होतील. बोरचा शतांश ओळखणारा हात मात्र शिकवल्याशिवाय तयार होत नाही, आणि तो शिकवू शकणारे कारागीर अजून कामावर आहेत तोवरच हे करायला हवं.